दाखवायचे दात आणि खायचे दात

लग्न ठरलेल्या घरात कामे पुष्कळ असतात आणि सल्ले त्याहूनही पुष्कळ. बस्ता बांधून होतो, पाहुण्यांच्या याद्या तयार होतात आणि मग एखाद्या निवांत दुपारी आत्याबाई नियोजित वधूकडे निरखून पाहत म्हणतात, "बाकी सगळं छान आहे गं, पण दात जरा पिवळे दिसतात. फोटोत उठून दिसतील हो!" एवढे एक वाक्य पुरते. मामी लिंबाच्या फोडीवर खाण्याचा सोडा घालून दात घासावयास सांगते. आजी राखुंडीचे गुण गाते. धाकटा भाऊ मोबाइलच्या पडद्यावर कोळशाच्या काळ्या मंजनाची जाहिरात दाखवितो आणि मैत्रीण दातांवर चिकटवावयाच्या पट्ट्या व निळ्या दिव्याचे एक चिमुकले यंत्र टपालाने मागवून देते. मुलगी बिचारी सर्वांचेच ऐकते. हळदीच्या दिवशी तिच्या हिरड्या लाल होऊन हुळहुळत असतात आणि थंड सरबताचा घोट घेताच कळ थेट कानापर्यंत जाते. दात मात्र फार तर रेसभर उजळलेले असतात. असे घर इंदूरला असेल, बडोद्याला असेल, नागपूरला किंवा दिल्लीतही असेल. सल्ले थोड्याफार फरकाने हेच.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो. निसर्गाने ही सोय हत्तीला दिली, माणसाला दिली नाही. त्याला जे दात दाखवावयाचे तेच खावयाचेही असतात. म्हणून दाताच्या रंगाचा विचार दाताच्या मुळाला सोडून करता येत नाही. आणि घरच्या घरी दात पांढरे करण्याच्या खटाटोपात नेमके तेच होते.

आधी रंगाचे पाहू. दाताच्या बाहेरील कवचास दंतवैद्य इनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यात सुमारे 96 टक्के खनिजच असते. परंतु हे कवच अर्धपारदर्शक आहे. दुधी काचेमागे दिवा ठेवला असता दिव्याचा रंग जसा काचेतून झिरपतो, तसा इनॅमलच्या खालच्या थराचा, म्हणजे डेंटिनचा, रंग बाहेर दिसतो; आणि डेंटिन हे मुळातच पिवळसर असते. तेव्हा निरोगी दाताचा रंग हा चुन्यासारखा पांढरा नसून किंचित पिवळसर छटेचा असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सुळा शेजारच्या दातांहून अधिक पिवळा दिसतो, तोही आजारी असतो म्हणून नव्हे. सातव्या-आठव्या वर्षी मुलाला कायमचे दात येऊ लागले की आई काळजीत पडते, कारण शेजारच्या शुभ्र दुधाच्या दातांपुढे नवा दात पिवळा भासतो. दोष त्या दातात नसून तुलनेत असतो. वय वाढते तसे इनॅमल झिजून पातळ होते, आतील डेंटिनचा थर जाड होत जातो आणि दात अधिकाधिक पिवळा दिसू लागतो. केस पिकतात तितकेच हे स्वाभाविक आहे.

याखेरीज जे डाग पडतात ते दोन जातींचे. चहा, कॉफी, पान, कात, तंबाखू यांचे डाग वरवरचे असतात. ते दंतवैद्याच्या एका बैठकीत निघतात. दुसरे डाग दात घडत असतानाच त्याच्या अंगात मुरलेले असतात. पाण्यातील फाजील फ्लुओराइडमुळे दातांवर पांढरे वा तपकिरी पट्टे उमटतात. आपल्या देशात हा रोग तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात 1937 साली प्रथम नोंदला गेला, आणि पुढे राजस्थान, गुजरात, आंध्र इत्यादी अनेक भागांत, तसेच आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही आढळला. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन नावाचे औषध दिल्यास त्यांच्या दातांवर करड्या-तपकिरी छटा कायमच्या बसतात. असे डाग कोणत्याही मंजनाने जात नाहीत. घासणारा मात्र घासतच राहतो.

आणि येथेच घरगुती उपायांतील मोठी विसंगती आहे. दात हिरडीतून बाहेर आल्यानंतर इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी उरलेली नसते. कातडी सोलवटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. झिजलेले इनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही. राख, विटेची पूड, जाडे मीठ, कोळसा यांनी जोर लावून दात घासणारा मनुष्य वरवरचा डाग काढतो खरा, पण त्याबरोबर कवचही थोडे थोडे खरवडीत असतो. कवच पातळ झाले की आतील पिवळे डेंटिन अधिक स्पष्ट दिसते. मग तो अधिक जोराने घासतो. पांढरेपणासाठी चाललेल्या या घासाघाशीतून काही वर्षांनी अधिक पिवळा आणि शिवशिवणारा दात मात्र हाती येतो. कोळशाच्या मंजनाचा गाजावाजा सध्या पुष्कळ आहे. परंतु त्याने दात पांढरे होतात किंवा त्याचा वापर निर्धोक आहे असे म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात काढलेला आहे.

लिंबाची गोष्ट वेगळी. ते दात खरवडत नाही, विरघळविते. आंबट कैरी खाल्ल्यावर दात आंबतात असे आपण म्हणतो, त्या अनुभवाच्या मुळाशी आम्लच असते. साडेपाच पीएचच्या खाली इनॅमल विरघळू लागते आणि लिंबाचा रस अडीचच्याही खाली असतो. खाण्याचा सोडा मात्र, न्यायाने बोलावयाचे तर, या मंडळीत सर्वांत सौम्य आहे. तो मऊ असतो, दाताला फारसा झिजवीत नाही आणि अनेक टूथपेस्टांतही घातलेला असतो. पण लिंबावर सोडा घालताच जी फसफस होते तीत दोघेही एकमेकांना निकामी करतात. फेस तेवढा दिसतो, आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्या फेसावरच.

बाजारातील 'पांढऱ्या दातांच्या' टूथपेस्टांचेही रहस्य जाणून घेण्यासारखे आहे. त्यांतील बहुतेक पेस्टा दाताचा मूळ रंग पालटीत नाहीत. बारीक खरखरीत भुकटीने वरचा डाग तेवढा काढतात. काहींत एक निळे रंगद्रव्य असते. ते दातावर पातळसे बसते आणि निळसर छटेमुळे पिवळेपणा डोळ्यांना कमी जाणवतो. पूर्वी धोतराला आणि सदऱ्याला नीळ घालीत, त्यातलाच हा प्रकार. कापड स्वच्छ झाले की नाही याच्याशी निळीचा संबंध नसे, आणि दाताचेही तसेच आहे.

येथे थोडे विषयांतर करून हेही सांगितले पाहिजे की, पांढरा दात म्हणजे सुंदर दात ही समजूत सार्वकालिक नाही. कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली हे खरे. पण त्याच समाजात स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत असत. हिरडा, मायफळ आणि हिराकस यांची ती पूड. उत्तर हिंदुस्थानात मिस्सीची चाल होती. जपानात तर उच्च कुळांतील स्त्रिया आणि विवाहित स्त्रिया शतकानुशतके दात काळेभोर करीत. त्या रीतीला ओहागुरो म्हणत. तेथील शासनाने 1870 साली सरदार घराण्यांना ती बंद करावयास लावली आणि 1873 साली सम्राज्ञीच पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली, तेव्हा तिची प्रतिष्ठा ओसरू लागली. या सर्व प्रकारांत रसायन एकच: लोह आणि तुरट द्रव्ये यांचा संयोग. जुन्या काळी शाई करीत ती याच संयोगाची. आज्जीच्या आज्जीला ज्या दातांची लाज वाटली असती, त्या दातांसाठी आज पणती पैसे मोजते.

आता खऱ्या विरंजनाकडे, म्हणजे दाताचा अंगचा रंग फिका करण्याच्या क्रियेकडे वळू. यामागील द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइड. ते थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1818 साली शोधून काढले. ते दातावर ठेवले असता विघटन पावते, त्यातून निघालेले अतिशय क्रियाशील कण इनॅमलमधून आत शिरतात आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. तुकडे झालेले रेणू प्रकाश पूर्वीसारखा शोषीत नाहीत, म्हणून दात फिका दिसतो. ही क्रिया घासण्याची नव्हे. दात झिजविल्यावाचून रंग पालटण्याचा हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

परंतु हा मार्ग घरापर्यंत आला कसा, याचा इतिहास फार बोलका आहे. अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात, फोर्ट स्मिथ या गावी, बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे दंतवैद्य होते. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. त्यांच्या काही रुग्णांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई. त्यांनी हिरड्यांवर एक जंतुनाशक द्रव वापरावयास दिले आणि रात्री दातांवर बसवावयाच्या साच्यात ते घालून झोपावयास सांगितले. या द्रवात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होते. तोंडात त्याचे युरिया आणि सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड होते. हिरड्या सुधारल्या आणि त्यांबरोबर दातही उजळलेले दिसले. क्लुस्मायर यांनी ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंच्या मेळाव्यांतून सांगितली, पण तिचा गवगवा झाला नाही. पुढे 1989 साली उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील हेवूड आणि हेमन यांनी या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला आणि तेथून जगभर 'घरी दात पांढरे करणे' हा एक उद्योगच उभा राहिला.

म्हणजे ज्याला आज सौंदर्यप्रसाधन समजतात ते मुळात हिरड्यांचे औषध होते, आणि पांढरेपणा हा त्याचा अनपेक्षित परिणाम होता. व्यापाराने परिणाम उचलला आणि हिरडी वाटेत टाकून दिली. एवढेच नव्हे, तर आज या द्रव्याचा सर्वांत जास्त त्रास होतो तो हिरडीलाच. दंतवैद्याने घेतलेल्या मापाचा साचा प्रत्येक दाताशी नीट बसतो, द्रव दातावरच राहते. टपालाने येणारा साचा सर्वांना एकच. तो सैल बसतो, आतील लेप हिरडीवर ओघळतो आणि हिरडीची कड पांढरी पडून भाजल्यासारखी चरचरते. द्रवाची मात्रा सौम्य असेल तर ही जखम काही दिवसांत भरून येते. मात्रा किती आहे हे पुडक्यावर धड लिहिलेलेच नसेल तर पुढचे सांगता येत नाही. युरोपीय संघाने याचसाठी 2011 साली नियम केला. 0.1 टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला माल कोणीही विकावा. त्यावर 6 टक्क्यांपर्यंतचा माल केवळ दंतवैद्यांना विकावा, पहिला वापर त्यांच्या हातून वा देखरेखीखाली व्हावा आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला तो देऊच नये. निळ्या दिव्याविषयी थोडक्यात इतकेच की, घरगुती यंत्रातील दिव्याने फारसा फरक पडतो असे दिसून आलेले नाही. काम होते ते लेपाने. दिवा शोभेचा.

हिरडी म्हणजे काय हे कळल्याखेरीज ही सारी चर्चा अधांतरी राहील. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हाड आणि दाताचे मूळ यांच्यामध्ये एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी फट असते, आणि त्या फटीत असंख्य सूक्ष्म तंतूंनी दात टांगलेला असतो. हिरडी ही या सर्व रचनेवरील गळपट्टी होय. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगून असते. तिच्या आणि दाताच्या मधील खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. तिचा रंग फिका गुलाबी असतो असे पुस्तके सांगतात, परंतु आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच तपकिरी वा काळसर छटा असते आणि तो रोग नव्हे. रोगाची खूण काळेपणा ही नसून लाली, सूज आणि रक्त ही आहे.

रक्त का येते याचे उत्तर 1965 साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे मिळाले. हाराल्ड ल्योए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दात घासणे पूर्णपणे बंद करावयास सांगितले. दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर साचू लागला. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासणे सुरू करताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच आढळतो. हिरडीतून येणारे रक्त हे 'उष्णतेमुळे' वा ब्रश लागल्यामुळे येत नसून बहुधा त्या थरामुळे येते, हे त्याने सिद्ध केले. रक्त दिसताच पुष्कळ माणसे त्या जागी ब्रश लावणे सोडून देतात. ज्या जागी सर्वांत अधिक लक्ष हवे तीच जागा मग वाऱ्यावर सोडली जाते.

हा थर वेळीच निघाला नाही तर लाळेतील खनिजे त्यात बसून त्याचे दगडासारखे किटण होते. ते खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस आणि वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस सर्वांत लवकर साचते, कारण लाळेच्या नळ्या तेथेच उघडतात. किटण ब्रशाने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली उतरतात, खाच खोल होत जाते, तंतू तुटतात आणि हाड झिजू लागते. लोक यालाच पायोरिया म्हणतात. यात बहुधा दुखत नाही, हीच यातील भयंकर गोष्ट. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही; हिरडीचा रोग मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे हाड खात असतो.

याच ल्योए यांनी श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील 480 तमिळ मजुरांच्या तोंडांची 1970 पासून पंधरा वर्षे वेळोवेळी तपासणी केली. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्य मिळत नव्हता. दातांवर थर, किटण आणि डाग सर्वत्र होते, पण कीड जवळजवळ नव्हती. शंभरांतील सुमारे आठ जणांचा रोग झपाट्याने वाढला आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापूर्वीच त्यांचे सर्व दात गेले. एक्याऐंशी जणांत तो संथपणे वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत सरासरी सात दात गेले. अकरा जणांच्या हिरड्या सुजलेल्याच राहिल्या, परंतु रोग पुढे सरकला नाही. न किडलेला दातही जाऊ शकतो. त्याच्या पायाखालची जमीन खचली म्हणजे झाले.

दात पांढरा दिसणे आणि तोंड निरोगी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे सर्वांत जुने सूक्ष्मदर्शी प्रमाण डेल्फ्टच्या लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने दिले आहे. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी आणि आपल्या वयाच्या थोड्याच माणसांचे दात आपल्याइतके स्वच्छ व पांढरे असतील असा त्याचा दावा होता. तरीही दातांच्या फटींतून त्याने थोडासा पांढरा मळ काढला, आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहून तो थक्क झाला. 1683 सालच्या पत्रात त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले.

आपल्या प्राचीन वैद्यांची दृष्टी या बाबतीत आजच्या जाहिरातदारांहून अधिक सम्यक होती असे म्हणावे लागते. सुश्रुताने मुखाचे पासष्ट रोग सांगितले आहेत. त्यांतील आठ दातांचे, आणि पंधरा दातांच्या मुळांचे, म्हणजे मुख्यतः हिरड्यांचे. ज्यात हिरडीतून आपोआप रक्त येते, ती मऊ पडते व दुर्गंधी सुटते त्या रोगास त्याने शीताद असे नाव दिले. किटणास तो दंतशर्करा म्हणतो आणि ते काढताना दाताच्या मुळास इजा होऊ देऊ नये असे बजावतो. चरकाने दातवणाची काडी चावून मऊ करावी, दिवसातून दोन वेळा वापरावी आणि हिरड्यांना न दुखविता वापरावी असे सांगितले आहे. दोन वेळा, आणि हिरड्यांना न दुखविता. आजचा दंतवैद्य हेच सांगतो, फक्त काडीच्या जागी मऊ ब्रश म्हणतो. जुने ते सारेच थोर होते असा याचा अर्थ नव्हे. मीठ-कोळशाने दात घासून हिरड्या सोलणारेही जुनेच होते.

या संदर्भात मिश्रीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोकणात, घाटावर, गोव्यात कित्येक स्त्रिया तंबाखू तव्यावर भाजून, तिची पूड करून सकाळी दातांना लावीत आल्या आहेत. ओडिशा-छत्तीसगडमध्ये गुडाखू, बिहार-बंगालकडे गुल, ही तिचीच भावंडे. ती लावली की दात 'साफ' वाटतात, हिरडी 'घट्ट' वाटते, दुखणे थांबते. मग ती दिवसातून एकदाची चारदा होते, कारण ते मंजन नसून व्यसन असते. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर भारत सरकारने 1992 साली बंदी घातली, पण घरच्या तव्याला बंदी कशी घालणार? तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता सर्वज्ञात आहे. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून, रोग असूनही, रक्त कमी येते. धोक्याची घंटाच बांधून ठेवल्यासारखी होते; आत हाड झिजत असते आणि माणूस आपल्या हिरड्या उत्तम आहेत असे समजतो. मधुमेह्यांनी तर दुप्पट सावध राहावे. मधुमेहाने हिरडीचा रोग बळावतो आणि हिरडीच्या रोगाने रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

दंतवैद्याकडे जाऊन किटण काढून घ्यावे म्हटले की आपल्याकडे हमखास एक आक्षेप येतो: दात साफ केले की हलू लागतात आणि त्यांत फटी पडतात. ही समजूत निराधार असली तरी अकारण नाही. वर्षानुवर्षे साचलेल्या किटणाने दातांमधील मोकळी जागा बुजवून टाकलेली असते आणि सुजलेली हिरडी तिच्यावर चढलेली असते. किटण निघाले, सूज उतरली, की रोगाने आधीच केलेली फट उघडी पडते. किटणाने सांधलेले दात सुटे झाले म्हणजे त्यांचा हलकेपणा जिभेला प्रथमच जाणवतो. मुळे उघडी असतील तर काही दिवस दात शिवशिवतातही. पण ती फट दंतवैद्याने पाडलेली नसते. भिंतीवरचा फुगलेला गिलावा काढल्यावर आतील तडा दिसला, तर तो तडा गवंड्याने पाडला असे कोणी म्हणत नाही.

आता विरंजनापूर्वी हिरडी नीट असणे का आवश्यक आहे हे सहज उमजेल. हिरडी खाली सरकलेली असेल तर दाताचे मूळ उघडे असते आणि मुळावर इनॅमल नसतेच. पेरॉक्साइड इनॅमलमधूनही काही मिनिटांत दाताच्या गरापर्यंत पोहोचते; उघड्या मुळावर त्याला अडविणारे जवळजवळ काहीच नसते, म्हणून कळा येतात. शिवाय मुळाचा भाग फारसा पांढराही होत नाही. सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीला लेप लागला की ती अधिकच चरचरते. दातावर किटण असेल तर लेप किटणावरच बसतो, आणि पुढे ते किटण निघाले की खाली न उजळलेला पट्टा तसाच दिसतो. दात किडलेला असेल तर लेप त्या भोकातून आत जातो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा नाद बाळंतपण आणि पाजणे आटोपेपर्यंत लांबणीवर टाकावा. गर्भावस्थेत हिरड्या आधीच सुजऱ्या असतात. आणि बसविलेली टोपी, सिमेंटने भरलेली जागा किंवा कृत्रिम दात यांचा रंग पेरॉक्साइडने पालटत नाही. पुढच्या दातांत अशी टोपी असेल तर आजूबाजूचे दात उजळून ती एकटीच पिवळी उरते.

रोजच्या निगेविषयी सांगण्यासारखे फार नाही, कारण ते साधे आहे. मऊ केसांचा ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरावा आणि हलकेच जागच्या जागी हालवावा. ही रीत न्यू ऑर्लिन्सचे चार्ल्स बास यांनी 1950 च्या सुमारास मांडली. ते दंतवैद्य नव्हते, वैद्यकाचे प्राध्यापक होते. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, दोन-दोन मिनिटे. आपल्याकडे सकाळचा नेम कोणी चुकवीत नाही, रात्रीचा कोणी पाळीत नाही. बोटाने मंजन लावणाऱ्याचे दात चकचकीत होतात, पण बोट दोन दातांच्या फटीत शिरत नाही आणि रोग तेथूनच सुरू होतो; फटींसाठी दोरा किंवा बारीक ब्रश लागतो. बाभळीची वा कडुनिंबाची काडी वापरणाऱ्याने ती टाकावी असे नाही, मात्र टोकाची चांगली कुंचली करून हळुवार वापरावी आणि ती आतील बाजूस पोहोचत नाही याची जाणीव ठेवावी.

राहिली ती लग्नघरातील मुलगी. तिची इच्छा चुकीची नाही, वेळ तेवढी चुकली. किटण काढल्यावर हिरड्या सावरण्यास दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. त्यानंतर मापाचा साचा करून 10 टक्क्यांच्या लेपाने रोज रात्री दात उजळवावयाचे म्हटले तर साधारण दोन आठवडे लागतात, शिवशिव झाल्यास मध्ये एखाद-दोन रात्री थांबावे लागते, आणि शेवटी दात शांत होण्यास आणखी आठवडाभर हवा. म्हणजे बस्ता बांधावयास निघण्याआधी, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात धाडला जाईल त्या सुमारास, दंतवैद्याची पहिली भेट व्हावयास हवी. किटण निघाल्यावर आणि चहा-कॉफीचे डाग गेल्यावर पुष्कळ मुलींना आरशात पाहून पुढच्या लेपाची गरजच वाटत नाही, असे दंतवैद्य सांगतात. वाटली तर तो नंतर लावता येतो. त्याचा परिणाम तरी कायमचा कुठे असतो? एक-दोन वर्षांत रंग पुन्हा थोडा उतरतो, आणि चहा पिणाऱ्या घरात त्याहूनही लवकर.